बोंडअळीची जप्ती

बडे बाबू,

माझी बदली झाली. हुकूम काल आला आणि आज सकाळपासून मी टेबलाचे ड्रॉवर रिकामे करत बसले आहे. हेडक्लार्कच्या, म्हणजे तुमच्याच टेबलाचे. डावीकडचा खालचा ड्रॉवर अजूनही ओढला की अडतो, आणि तुम्ही मारायचात तशी गुडघ्यानं एक ठोस मारली की मुकाट उघडतो. त्याच्या तळाशी तुमची डिक्शनरी सापडली, खाकी कागदाचं कव्हर घातलेली, आणि तिच्या पोटात घडी केलेला एक पातळ पिवळट कागद. त्या पत्राची ऑफिस कॉपी. ती फायलीत असायला हवी होती, हे मला माहीत आहे. फायल नष्ट करायला काढली त्या दिवशी मी ती हळूच काढून घेतली. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुम्ही यावर रागावणार नाही, असं धरून चालते. खरं सांगायचं तर रागावलात तरी चालेल. तुमचं रागावणं ऐकून फार दिवस झाले.

मी या कचेरीत आले ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळात ऑटोत बसा, एसटीत बसा, लग्नाच्या पंगतीत बसा, विषय एकच, बोंडअळी. कितीही फवारा, ती बोंडात आत जाऊन बसलेली. दारव्ह्याकडच्या आमच्या तांड्यावरही तेच चाललं होतं. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरले, बापानं एका जागी बसून कापूस लावला, आणि मी घरातली पहिलीच, जिनं टाइपरायटरवर बोटं ठेवली. सहा महिन्यांची कच्ची नेमणूक मिळाली. पुढं कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेबांच्या शेऱ्यावर होतं. पण माझ्या याडीला, म्हणजे आईला, कच्चं-पक्कं काही कळत नव्हतं. पोरगी सरकारात लागली, एवढं तिनं अख्ख्या तांड्याला सांगून टाकलं होतं. त्यामुळे परत जायची वाट माझ्यापुरती तिनंच बंद केली होती.

इंग्रजी टायपिंगची परीक्षा मी पास झाले होते, पण ती अर्थ कळून नव्हे. अक्षर दिसलं की बोट आपोआप जायचं. शब्द म्हणजे माझ्यासाठी बोटांची एक वाट होती, ती कुठं पोचते ते मला ठाऊक नसायचं. आणि गरजही पडत नव्हती, कारण कचेरीचा सगळा कारभार मराठीत. पण त्या वर्षी बाहेरून नुकसानीच्या पाहणीचं पथक यायचं होतं, त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून तेवढं एक पत्र इंग्रजीत जायचं ठरलं. तुम्ही त्या दिवशी पुतण्याच्या लग्नाला बोरी अरबला गेला होता. साहेबांनी उभ्याउभ्या मसुदा खरडला. त्यांचा ‘के’ आणि ‘एच’ जुळ्या भावांसारखे. मी टाइप केलं, साहेबांची जीप खाली सुरू होती, त्यांनी न वाचता सही ठोकली, आणि पत्र गेलं. त्या रात्री मी छान झोपले होते, हेही सांगून टाकते. पहिलंच इंग्रजी पत्र, एकही खाडाखोड नाही.

दहाएक दिवसांनी ते परत आलं. समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, आणि साहेबांनी ते सगळ्यांसमोर मराठी करून वाचलं. बोंडअळीला पीक जप्त करण्याचे अधिकार कोणत्या कलमाखाली देण्यात आले? आदेशाची प्रत पाठवावी. कचेरीत आधी कुणाला काही समजलं नाही. मग आवक-जावकच्या बाबूंना फसकन हसू आलं, आणि ते हसू टेबलांवरून सरकत माझ्यापर्यंत आलं. अळीनं पिकावर ‘अटॅक’ केला असं लिहायचं तिथं मी ‘अटॅच’ लिहिलं होतं, आणि सरकारी इंग्रजीत पीक अटॅच करणं म्हणजे जप्त करणं. एकदा नाही, गावागणिक. आणि शेवटी, जिथं यादी सोबत जोडली आहे असं म्हणायचं, तिथं बरोब्बर ‘अटॅक’. म्हणजे गावोगावचं पीक बोंडअळीनं कायदेशीर जप्त केलं, आणि आम्ही कचेरीतल्यांनी सोबतच्या यादीवर हल्ला चढवला. आज मला हे लिहिताना हसू येतंय. त्या दिवशी आलं नव्हतं. साहेब हसले नाहीत. “उद्या दुपारपर्यंत लेखी खुलासा हवा,” ते म्हणाले, “आणि हिला कायम करायचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवा.”

तुम्ही मला बोलावलं. तुम्ही खुर्चीकडे बोट दाखवलंत, मी बसले नाही, तुम्ही परत बोट दाखवलंत. टेबलावर ते पत्र, शेजारी चहाचा अर्धा कप, त्यावर बशी झाकलेली.

“मले एकच सांग,” तुम्ही म्हणालात. “हे दोन शब्द तुले माहीत नाहीत, का बोट घसरलं?”

मी क्षणभर विचार केला. माहीत नाही म्हटलं तर उद्या तांड्यावर परत. बोट कुणाचंही घसरतं.

“बोट घसरलं,” मी म्हणाले.

तुम्ही उठून माझ्या मशीनपाशी गेलात. चष्मा कपाळावर सरकवून कळा पाहिल्यात. “हा एच. हा के. मधात जे.” मग पत्राकडे पाहिलंत. “अन् दरवेळी घसरलं?”

मी कळांकडे पाहत राहिले.

“बरं,” तुम्ही म्हणालात. “घसरलं म्हणते तं घसरलं.”

मग तुम्ही फायलीतून ऑफिस कॉपी काढलीत, आणि कोपऱ्यात निळ्या शाईनं तुमची ती कोंबडीच्या पायासारखी सही केलीत, खाली पत्राच्या दिवसाची तारीख टाकलीत. खुलासाही तुम्हीच लिहिलात. “टंकलिखित प्रत मी तपासली होती, कळ चुकल्याने झालेली चूक माझ्या नजरेतून सुटली, सबब जबाबदारी माझी.” मी म्हणाले, “बाबू, त्या दिवशी तुम्ही रजेवर होता.” तुम्ही मान वर केली नाहीत. “सकाळी येऊन गेलतो मी. तुले काय माहीत.” मग तुम्हीच म्हणालात, “पोरी, तुही नोकरी कच्ची हाये. माही पिकून गेली. पिकल्यावर एखादा डाग पडला तं कोण पाह्यते?”

पाहणारे होते, बडे बाबू. तुम्हाला लेखी ताकीद मिळाली. तुमचे वडील याच गावात कचेरीत होते, त्यांचे वडीलही. तीन पिढ्यांत तुमच्या घरी कुणाला साधा मेमो मिळाला नव्हता, आणि हे तुम्ही एरवी चहाच्या वेळी ज्याला त्याला ऐकवायचात. रिटायर व्हायला थोडे महिने उरले होते. शिपायानं ताकीदीचा कागद आणला तेव्हा सगळे आपापल्या फायलींत डोकं घालून बसले होते आणि सगळे तुमच्याकडेच पाहत होते. तुम्ही तो दोनदा वाचलात, पोच म्हणून सही दिलीत, आणि शिपायाला म्हणालात, “जरा चहा सांगजो.” त्या दिवसानंतर तीन पिढ्यांची गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत. हे मी मोजून पाहिलं आहे. प्रत्येक चहाच्या वेळी मी वाट पाहायची, की आज तरी सांगतील.

माझा कायम व्हायचा प्रस्ताव पुन्हा वर गेला. दुरुस्त केलेलं पत्र तर त्याच दिवशी गेलं होतं, पथक आलं आणि बांधावरून पाहून गेलं. आणि मग, सगळं निवळल्यावर, तुम्ही मला झापलंत. इतके दिवस राखून ठेवलं होतं. “समजलं नाही तं विचारा लागते,” तुम्ही म्हणालात. “विचारायची लाज वाटते, अन् चुकायची नाही वाटत? काहून?” तुमचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. साहेबांचं अक्षर समजलं नाही तर विचारावं, असंच तुम्हाला म्हणायचं असेल, असं मी स्वतःला समजावलं. खाली मान घालून उभी राहिले. मग आवाज उतरवून तुम्ही म्हणालात, “रविवारी घरी ये. पेन आण.”

मी आले. समोरच्या खोलीत तुमचे कुणी पाहुणे झोपले होते, म्हणून तुम्ही मला स्वयंपाकघरात नेलंत. मी उंबऱ्यापाशीच टेकले. गावातल्या घरांत मी तोवर पडवीपर्यंतच गेले होते, पुढं जायचं असतं हे माझ्या पायांना माहीत नव्हतं. काकू पाटवड्या कापत होत्या. त्या वळून म्हणाल्या, “तिथं उंबऱ्यावर काहून बसली वं? आत सरक, मले जाता-येता येत नाही.” एवढंच. जणू अडचण फक्त त्यांच्या जाण्या-येण्याची होती. बडे बाबू, तुमच्या डिक्शनरीआधी मला त्या वाक्यानं शिकवलं. मी आत सरकले, आणि नंतर, एक दिवस सोडला तर, मी कुठल्याच उंबऱ्यावर बसले नाही.

डिक्शनरी तुमच्या वडिलांची होती. तुम्ही ती पाटावर ठेवलीत, पीठ लागू नये म्हणून खाली पेपर घातलात. आधी लक्षात ठेवायची युक्ती सांगितलीत. “हे पाह्य. अटॅच. त्यात टाच हाये का नाही? टाचणी लावली तं अटॅच. जमिनीवर टाच आणली तं तेबी अटॅच. अन् अटॅकचा शेवट के. के म्हणजे कीड.” मी ते लिहून घेतलं. बडे बाबू, आज कचेरीत निम्म्या लोकांना इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं, पण हे दोन शब्द लिहिताना मी अजूनही मनात टाच आणि कीड म्हणते. मग तुम्ही अटॅकचे अर्थ वाचून दाखवायला लागलात. शत्रूवर चालून जाणे. शब्दांनी झोडपणे. “हे साहेबाले येते,” तुम्ही म्हणालात. रोगानं, किडीनं धरणे. हातातल्या कामाला भिडणे. इथं तुम्ही बोट ठेवलंत. “हा चौथा अर्थ तुह्यासाठी हाये. इंग्रजीले असं भीड.”

आणि मग तुम्ही मला कंस दाखवलात. अर्थ संपले की खाली बारीक अक्षरांत एक कंस असतो, तो कुणी वाचत नाही. “याच्यात शब्दाचं माहेर असते,” तुम्ही म्हणालात, आणि वाचायला लागलात, आणि वाचता वाचता थांबलात. चष्मा काढलात, पुसलात, परत वाचलंत. मग तुम्ही हसायला लागलात ते समोरच्या खोलीतून पाहुणा ओरडून काय झालं म्हणून विचारायला लागला. अटॅक हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला होता, फ्रेंचांनी इटलीकडून, आणि इटलीत त्याचा अर्थ होता जोडणे. अडकवणे. तिकडचे शिपाई ‘लढाई जोडली’ असं म्हणायचे. तेवढं ‘लढाई’ गळून पडलं, ‘जोडली’ राहिलं, आणि जोडण्याचा हल्ला झाला. अटॅच त्याच घरातली, ती जुन्या फ्रेंच वाटेनं आधीच येऊन बसलेली. अजून मागं गेलं तर तळाशी एक खुंटा असावा, असं त्या कंसात लिहिलं होतं, ज्याला काहीतरी बांधतात.

“अवं, ह्या तं सख्ख्या बहिणी निंघाल्या,” तुम्ही डोळे पुसत म्हणालात. “अन् आपल्याले त्यायच्यापायी ताकीद.”

काकूंनी कढईत फोडणी टाकली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “त्याच्यात हसण्यासारखं काय हाये? आपण नाही म्हणत? कपाशीले अळी लागली म्हणतो. अन् लेकराचा लळा लागला, तेबी लागलाच. शब्द एकच हाये.”

तुम्ही त्यांच्याकडे पाहत राहिलात. कचेरीत उभी हयात काढलेला माणूस, समोर बापाची डिक्शनरी, आणि बायकोनं रस्सा ढवळता ढवळता कंस सोडवून दिला होता. मलाही मग एकेक आठवायला लागलं. आग लागते. भूक लागते. ठेच लागते. आमच्या बोलीतही हाच शब्द. याडी म्हणाली होती, पोरगी सरकारात लागली. अळी आणि मी, दोघीही लागलोच होतो. हे मी मोठ्यानं म्हटलं तेव्हा तुम्ही दोघंही इतके हसलात की रस्सा उतू गेला. जेवायला वाढल्यावर काकू म्हणाल्या, “आता पाटवड्यायले अटॅक कर,” आणि पहिल्याच घासाला मला रडू आलं. तिखट लागलं म्हणून मी सांगितलं. लागलं, बघा.

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचं हसू, तो वास, पाटावरचं पुस्तक, इतकी चांगली वेळ पुन्हा आली नाही. जिभेवर आलं होतं. पण खोटं बोलून तुमच्यावर ताकीद आणली, असं त्या स्वयंपाकघरात बसून, त्यांच्या ताटात जेवताना, मला म्हणवेना. पुढं मी बरेच रविवार आले. दर वेळी पुढच्या रविवारी सांगू असं ठरवायची.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा आम्ही तुम्हाला शाल-नारळ दिलं, आणि तुम्ही उलट मला डिक्शनरी दिलीत. “घरी कोणी पाह्यत नाही हिच्याकडं,” एवढंच म्हणालात. तुमच्या मुलांना ती हवी होती, हे मला नंतर कळलं. दोनेक वर्षांनी एका दुपारी फोन वाजला, मीच उचलला. तुमच्या पाहुण्यांपैकी कुणी होतं. म्हणाले, बडे बाबूंना अटॅक आला, गेले. आणि मला आधी वाईट वाटायच्या ऐवजी, काय सांगू तुम्हाला, माझ्या डोक्यात आलं, के. के म्हणजे कीड. मग फोन ठेवून मी मशीनसमोर बसून राहिले. कचेरीतून सगळे तुमच्याकडे निघाले तरी मला उठता येईना, शेवटी शिपायानं हाताला धरून नेलं. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मला पाहून त्या जरा सरकल्या, मी शेजारी बसले. त्या दिवशी उंबऱ्यावर बसायला काही वाटलं नाही.

त्यानंतर मी इंग्रजीला भिडले, तुमच्या चौथ्या अर्थानं. परीक्षा दिल्या, पुढच्या पायऱ्या चढले, आणि फिरून फिरून तुमच्या टेबलाशी आले. आता कॉम्प्युटर आहे. शब्द चुकला की त्याखाली लाल नागमोडी रेघ येते. पण अटॅचच्या जागी अटॅक लिहिलं तर रेघ येत नाही, कारण शब्द म्हणून दोन्ही बरोबरच. तेवढ्यासाठी अजून माणूस लागतो. मी प्रत्येक पत्र जाण्याआधी पूर्ण वाचते, लोक मला त्यावरून चिडवतात, आणि नव्यानं आलेल्या कुणी येऊन ‘मॅडम, हे समजलं नाही’ म्हटलं, की मी हातातलं काम बाजूला ठेवते. तेवढी एक गोष्ट तुमच्यासारखी जमते. बाकी राग मला तुमच्यापेक्षा लवकर येतो.

आता ते सांगते. बोट घसरलं नव्हतं, बडे बाबू. हे दोन वेगळे शब्द आहेत, हेच मला माहीत नव्हतं. मला तो एकच शब्द वाटत होता, कधी एच लावून लिहायचा, कधी के. त्या कंसानं मला नंतर थोडं खरं ठरवलं, पण ते चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांसाठी, तुमच्या सेवापुस्तकासाठी नाही. “दरवेळी घसरलं?” असं तुम्ही विचारलंत, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे. कधी वाटतं, कळलं होतं, म्हणून तर पेन आण म्हणालात. कधी वाटतं, नव्हतं, तुम्ही साधा विश्वास ठेवलात. यातलं कुठलं जास्त लागतं ते मला सांगता येत नाही.

हे पत्र डिक्शनरीतच ठेवणार आहे. अटॅच आणि अटॅक एकाच पानावर आहेत, मध्ये थोड्याशाच ओळी, तिथं बसेल. सरकारी पत्राला शेवटी सोबत काय जोडलं ते लिहायची सवय हाताला आहे, म्हणून लिहिते. सोबत, ऑफिस कॉपी एक, तपासल्याच्या सहीसह. आत्ता ती या पत्राला टाचत होते. टाचणी बोटात गेली. या वेळी खरंच घसरलं.